तरवडाची जमीन पडीक नव्हे

वर्षा ऋतू सरून शरदाची चाहूल लागली की वऱ्हाडातील बरड माळांवर, पांदण रस्त्यांच्या कडेला आणि शेतांच्या धुऱ्यांवर तरवड फुलू लागतो. हळदीच्या रंगाचे त्याचे झुबके दिवाळीनंतरही बराच काळ टिकतात. निघंटूंत ‘आवर्तकी’ या नावाने परिचित असलेले हे क्षुप आपल्यापैकी अनेकांच्या नित्य वापरातील आहे. प्रमेहाच्या रुग्णास फुलांचा वा पंचांगाचा क्वाथ, मुखपाकात सालीच्या क्वाथाचे गंडूष, अतिसार व प्रदर यांत सालीचा स्तंभक म्हणून उपयोग, हे सर्व आपण शिकलो आणि आचरितो. परंतु ज्या भूमीवर ही औषधी जन्म घेते त्या भूमीची चर्चा आपल्या चर्चासत्रांतून, संमेलनांतून वा या त्रैमासिकाच्या पानांतून क्वचितच होते. महसुली दप्तरात ती जमीन ‘पडीक’ ठरते, योजनांच्या कागदांत ती ‘उपलब्ध जमीन’ होते, आणि बोलता बोलता आपणही तिला ‘ओसाड’ म्हणून मोकळे होतो. हे तिन्ही शब्द चुकीचे आहेत आणि ते दुरुस्त करण्याची पहिली जबाबदारी वैद्यांची आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ओळख

तरवड हा शिंबी कुलातील क्षुप. जुन्या ग्रंथांत त्याचे वनस्पतिशास्त्रीय नाव कॅसिया ऑरिक्युलाटा असे आढळते. आता तो सेन्ना या प्रजातीत गणला जातो. भारत व श्रीलंका यांच्या कोरड्या प्रदेशांचा तो मूळचा रहिवासी आहे. उंची साधारणतः पुरुषभर, फांद्या पुष्कळ, साल तपकिरी. पान संयुक्त असून पर्णिकांच्या आठ ते बारा जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीच्या मध्ये एक बारीक उभी ग्रंथी असते. देठाच्या बुडाशी कानाच्या पाळीसारखी गोलसर उपपर्णे असतात. ‘ऑरिक्युलाटा’ म्हणजे ‘कानवाली’ हे नाव त्यांवरूनच आले. शेंग चपटी, कागदासारखी पातळ. ग्रंथी व उपपर्णे ही दोन लक्षणे ज्याने एकदा शेतावर पाहिली, त्याची ओळख सहसा चुकत नाही.

हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की वऱ्हाडात ‘तरवड’ आणि ‘तरोटा’ या नावांचा गोंधळ होतो. तरोटा म्हणजे टाकळा, आपला चक्रमर्द. पावसाळ्यात ज्याची भाजी घरोघर होते ते वर्षायू झुडूप वेगळे आणि बहुवर्षायू तरवड वेगळा. शिवाय कासमर्द याच प्रजातीतला. रस्त्याच्या कडेला सावलीसाठी लावलेला कासोद हा वृक्षही याच प्रजातीतला. आणि अलीकडे दख्खनच्या माळांवर पसरलेली, मूळची अमेरिकेची सेन्ना युनिफ्लोरा ही तणवर्गीय वनस्पतीही त्याच कुटुंबातली. सर्वांची फुले पिवळी. नुसत्या पिवळ्या फुलावर विसंबून जो संग्रह करील त्याच्या चूर्णात काय येईल, हे सुज्ञ वाचकांस सांगणे न लगे.

उलट्या बाजूनेही ही गल्लत होते. सोनामुखीच्या पानांत तरवडाच्या पानांची भेसळ होते, ही गोष्ट द्रव्यपरीक्षेच्या ग्रंथांत जुनीच आहे. व्यापारात अशा भेसळीच्या मालाला ‘पाल्थे सेन्ना’ असे नाव होते. तरवडाच्या पानात सोनामुखीची रेचक द्रव्ये नाहीत. त्याच्या चूर्णावर ८० टक्के तीव्रतेचे गंधकाम्ल टाकले असता गडद लाल रंग येतो, ही त्याची जुनी परीक्षा. विरेचनासाठी दिलेल्या चूर्णात मूळचा कषाय व स्तंभक असलेला तरवड निघाला, तर गुण येणार कसा? प्रयोगशाळेतील परीक्षा आवश्यकच आहे. पण तरवड जेथे उभा आहे तेथे जाऊन त्याला ओळखणे ही त्याहून आधीची परीक्षा होय. तो उभाच राहिला नाही तर ती कोठे व्हायची?

शास्त्राची दृष्टी

औषधीचे मूल्य तिच्या भूमीपासून वेगळे काढता येत नाही, हा आपल्या शास्त्राचा सिद्धांत आहे. चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या पहिल्याच अध्यायात देशाचे जांगल, आनूप व साधारण असे तीन प्रकार सांगून, औषधी साधारण वा जांगल देशातून घ्यावी असे म्हटले आहे. तेथे प्रशस्त भूमीची जी लक्षणे दिली आहेत ती आजच्या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखी आहेत. भूमी कुश व रोहिष या तृणांनी आच्छादलेली असावी. मृत्तिका काळी वा सोनेरी असावी. ती नांगराने फाडलेली नसावी. आणि तेथील औषधी इतर बलवान वृक्षांनी दबलेल्या नसाव्यात. स्मशान, वारूळ, खारपड यांच्याबरोबर ‘आराम’ म्हणजे बाग हे स्थानही त्यांनी वर्ज्य यादीत टाकले आहे.

ज्याला आपण गवताळ माळ म्हणतो, जेथे नांगर चाललेला नाही आणि दाट झाडी नाही, त्याचेच हे वर्णन आहे. आजच्या नियोजनाच्या भाषेत ही सर्व लक्षणे ‘पडीक’ या एका शब्दात मोडतात. न नांगरलेली म्हणून पडीक, गवत आहे म्हणून पडीक, मोठी झाडे नाहीत म्हणून पडीक. आचार्यांनी जे गुण म्हणून सांगितले ते आपण दोष म्हणून नोंदविले.

येथे विद्वान वाचक एक आक्षेप घेतील. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानातील भूमिप्रविभागीय अध्यायात खडे व दगड असलेली, विषम भूमी औषधीग्रहणास वर्ज्य सांगितली आहे. मग मुरमाड बरडाचे समर्थन कसे? आक्षेप योग्य आहे. तथापि तो सामान्य नियम आहे. त्याच अध्यायात पुढे पंचमहाभूतांच्या आधिक्यानुसार भूमीचे भेद सांगून, विरेचनाची द्रव्ये कोणत्या भूमीतील, वमनाची कोणत्या भूमीतील घ्यावीत असा विवेक केलेला आहे. सर्व द्रव्यांना एकच भूमी उत्तम, असे शास्त्र म्हणत नाही. प्रत्येक द्रव्याला त्याची भूमी, असे म्हणते. संग्रह करताना उकिरड्याची, सांडपाण्याची, रस्त्यावरील धुराची जागा टाळावी हे खरेच. पण जे क्षुप उथळ मातीतच सुखाने वाढते त्याला काळ्या कसदार शेतात नेऊन बसविणे म्हणजे भूमिविवेक नव्हे.

‘जांगल’ या शब्दाचा प्रवासही उद्बोधक आहे. फ्रान्सिस झिमरमन या फ्रेंच अभ्यासकाने आयुर्वेदातील देशकल्पनेवर लिहिलेला ग्रंथ १९८२ साली फ्रेंचमध्ये व १९८७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्याने सविस्तर दाखविले की आयुर्वेदातील ‘जांगल’ म्हणजे घनदाट अरण्य नव्हे. मोकळ्या आकाशाचा, विरळ काटेरी झाडांचा, हरिण, लाव व तित्तिर यांचा कोरडा प्रदेश म्हणजे जांगल. त्याच शब्दापासून झालेल्या ‘जंगल’ या शब्दाचा अर्थ मात्र काळाच्या ओघात जवळजवळ उलटा झाला. शब्दाचा अर्थ उलटला तशी आपली दृष्टीही उलटली. आता जांगल देश दिसला की त्याचे ‘जंगल’ केल्यावाचून आपल्याला चैन पडत नाही.

वऱ्हाडातील तरवडाची भूमी

वऱ्हाडाचा मध्यभाग म्हणजे पूर्णा नदीचे काळ्या मातीचे खोरे, अर्थात पयनघाट. उत्तरेस गाविलगडचे डोंगर व मेळघाट, दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगेचे फाटे. मधल्या पट्ट्यात माती खोल व पीक कापूस, सोयाबीन, तूर यांचे. तेथे तरवडाला धुरा, पांदण आणि नाल्याचा काठ एवढीच जागा. अकोला व अमरावतीच्या काही तालुक्यांत पसरलेला खारपाणपट्टा हा आणखी वेगळा प्रांत. तरवडाची खरी जागा म्हणजे डोंगरपायथ्याची उथळ जमीन, जेथे वीतभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण असतो. पातूर, बार्शीटाकळीकडील उंचवटे, पोहरा-मालखेडच्या टेकड्यांच्या बाजूचे नांदगाव खंडेश्वर व चांदूर रेल्वेकडील माळ, ही अशी भूमी होय. वऱ्हाडी माणूस हिला ‘बरड’ म्हणतो. यातील बराच भाग गावाच्या सामाईक चराईचा, म्हणजे आपल्याकडच्या महसुली भाषेत ‘ई-क्लास’ जमिनीचा आहे.

या भूमीवर तरवड एकटा नसतो. कुसळीचे गवत, तिखाडी म्हणजे आचार्यांचे रोहिष, बोर, हिवर, खैर, पळस, शरपुंखा म्हणजे उन्हाळी, गोखरू, शतावरी, गुळवेल असा त्याचा परिवार असतो. हा परिवार म्हणजे आपल्या रोजच्या औषधी पेटीचा मोठा हिस्सा आहे. तरवड गुरे व शेळ्या सहसा खात नाहीत, म्हणून चराई होऊनही तो टिकतो आणि त्याच्या आडोशाने गवताचे ठोंब व इतर रोपे वाचतात. मुळे खोल जातात, मुरूम धरून ठेवतात.

त्याच्या फुलात मध नसतो, ही एक ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. परागकोश टोकाशी बारीक छिद्राने उघडतात. मोठा काळा भुंगा फुलाला बिलगून अंग थरथरवतो तेव्हा त्या छिद्रांतून पराग उडतो आणि परागण घडते. हा भुंगा वाळक्या लाकडात घर करतो. म्हणजे तरवडाला शेंग धरायची तर आसपास जुनी वाळकी फांदी व खोडही हवे. पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरांच्या काही जातींच्या अळ्या याच कुटुंबाच्या पानांवर वाढतात. आपण एका क्षुपाचे नाव घेतो. निसर्गात मात्र एक सबंध कुटुंब नांदत असते. कुंडीत लावलेला तरवड फुले देईल, पण ते कुटुंब देणार नाही.

काय चालले आहे

आता या भूमीचे काय होत आहे ते पाहू. देशातील पडीक जमिनींचा जो अधिकृत नकाशासंग्रह वेळोवेळी प्रसिद्ध होतो, त्यात झुडुपांची जमीन हा पडीक जमिनीचा एक वर्गच आहे. एकदा पडीक ठरली की ती सुधारणे हे पुण्यकर्म ठरते. महाराष्ट्रात २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी वृक्षलागवडीची उद्दिष्टे ठरविण्यात आली. या मोहिमांमागील हेतू चांगलाच होता. पण एवढे खड्डे खणायचे कोठे? पिकाच्या शेतात ते खणता येत नाहीत आणि दाट वनात त्यांची गरज नसते. मग उरतो तो माळ. तरवड, बोर व कुसळी उपटून, गवत खरवडून तेथे गिरिपुष्प, सुबाभूळ यांसारखी परदेशी झाडे लावली की कागदावर हिरवाई वाढते आणि आचार्यांनी सांगितलेली भूमी मात्र कमी होते. बलवान वृक्षांनी औषधी दबू नयेत, या वचनाच्या नेमके उलट हे कर्म आहे.

दुसरे कारण अतिक्रमण व उत्खनन. मुरमाचे ढिगारे ट्रॅक्टरमध्ये भरून जातात आणि मागे खड्डे उरतात. गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवून त्या गावाच्या उपयोगास परत द्याव्यात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपालसिंग प्रकरणात दिला आणि त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्र शासनानेही त्यासंबंधी शासननिर्णय काढला. परंतु जमीन मोकळी होणे आणि तिच्यावरील वनस्पती राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२३ पासून शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून सौर प्रकल्पांसाठी शासकीय व गायरान जमिनी देण्यात येऊ लागल्या. शेतकऱ्याला दिवसा वीज हवी, यात शंका नाही. तथापि ‘मोकळी’ म्हणून ज्या जागेवर बोट ठेवले जाते ती खरोखर मोकळी आहे काय, हा प्रश्न विचारणारा एकही माणूस त्या प्रक्रियेत नसतो.

तिसरे कारण रस्ते. अमरावती व अकोला यांच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्ग ५३ वर जून २०२२ मध्ये सुमारे १०५ तासांत ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी पट्टा सलग टाकण्याचा विश्वविक्रम झाला. वऱ्हाडवासीयांना याचा अभिमान वाटला व प्रवासही सुखाचा झाला. पण रस्ते रुंद होतात तेव्हा कडेच्या झुडुपांचा पट्टा आधी जातो, हेही खरे. दुभाजकांत मग कण्हेर व बोगनवेल लावतात. पाण्यावाचून तग धरणारा, गुरे न खाणारा, महिनोन्महिने फुलणारा आपला तरवड तेथे का नको, हे कोडेच आहे.

चौथे कारण सर्वांत मूक आहे. यंत्राने धुरा कोरून शेत वाढविणे, तणनाशक बांधापर्यंत फवारणे आणि पांदण सरळ करणे यांमुळे तरवड एकेक करून जातो. उरलेल्या जागेत गाजरगवत, वेडी बाभूळ आणि घाणेरी येते. ती हिरवी असते म्हणून कोणाला काही गेले असे वाटत नाही.

‘तरवड तर सगळीकडे आहे’

यावर सहज उत्तर येईल की तरवड दुर्मिळ नाही, त्याची चिंता कशाला? दुर्मिळ वनस्पतींविषयी निदान यादी असते, अहवाल असतो. सामान्य वनस्पतीचे तसे नाही. ती गेल्याचे लक्षात येईपर्यंत ती गेलेली असते. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने कांबळे व प्रधान यांचा अकोला जिल्ह्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९८८ साली प्रसिद्ध केला. त्यानंतर साडेतीन दशकांहून अधिक काळ लोटला. त्या ग्रंथातील औषधी वनस्पतींची नावे हाती घेऊन आपल्या तालुक्यातील माळ पुन्हा तपासणे हे काम आपल्या शाखांना सहज जमण्यासारखे आहे.

मागणी वाढली की सामान्य वनस्पतीचे काय होते, याचे उदाहरणही तरवडाच्याच इतिहासात आहे. त्याच्या सालीत सुमारे १८ टक्के कषायद्रव्य असते. कातडी कमावण्यासाठी दक्षिणेत, विशेषतः जुन्या मद्रास इलाख्यात, ‘आवारम्’ या नावाने ही साल मोठ्या प्रमाणावर खपत असे. निघंटूंतील ‘चर्मरंगा’ हे पर्यायनाम याच गुणाची साक्ष देते. पुढे दक्षिण आफ्रिकेतील वॅटल या झाडाची साल व तिचा अर्क बाजारात आला आणि तरवडाची मागणी ओसरली. तो भार दुसऱ्या खंडातील झाडावर गेला म्हणून आपला तरवड सुटला, असे म्हणावयास हरकत नाही. आज ‘मधुमेहावर तरवडाचा चहा’ या नावाने जी मागणी वाढू लागली आहे, तिच्या वेळी असा सुटकेचा मार्ग निघेलच असे नाही.

वापरातील विवेक

या मागणीविषयीही चार शब्द लिहिणे कर्तव्य आहे. अण्णामलै विद्यापीठातील पारी व लता यांनी २००२ साली मधुमेही उंदरांवर तरवडाच्या फुलांच्या अर्काचे परिणाम प्रसिद्ध केले. रक्तशर्करा व मेद कमी झाल्याचे त्यात दिसले. हे उत्साहवर्धक आहे, पण ते उंदरांवरील काम आहे. त्याच्या आधारे रुग्णाची चालू औषधे वा इन्सुलिन बंद करणे हा अपराध होय. श्रीलंकेत तरवडाचा चहा पिण्याची जुनी रीत आहे. तेथील संशोधकांनी १९८१ साली या वनस्पतीत यकृताला अपायकारक अशा क्षारतत्त्वांचा अंश असल्याचे नोंदविले. तसेच २००४ साली हा चहा दिलेल्या उंदरांत अपस्मारावरील कार्बामाझेपिन या औषधाची रक्तातील मात्रा वाढल्याचे दाखविले. म्हणून गर्भिणी, यकृतविकारी व अपस्माराची औषधे घेणारा रुग्ण यांस तरवड देऊ नये आणि इतरांसही तो रोजचे पेय म्हणून सांगू नये. रोग, बल, अग्नी पाहून, मर्यादित काळ, वैद्याच्या देखरेखीखाली द्यावयाचे ते औषध आहे.

हा विवेक आणि भूमीचे रक्षण या दोन गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या आहेत. अविवेकाने वाढलेली मागणी प्रथम रुग्णाला बाधते व मग माळाला.

काय करावे

आपल्या हाती काहीच नाही, असे म्हणण्याची सोय कायद्याने ठेवलेली नाही. जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ४१ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापावयाची असून तिच्या उद्दिष्टांत अधिवासांचे जतन स्पष्ट शब्दांत नमूद आहे. २००४ च्या नियमांनी लोक जैवविविधता नोंदवही तयार करण्याचे काम या समित्यांकडे दिले आणि जैविक संसाधने वापरणाऱ्या स्थानिक वैद्यांची माहिती ठेवण्यासही सांगितले. कायद्याने वैद्याचे स्थान समितीच्या दप्तरात आधीच मानले आहे. प्रश्न आहे तो आपण त्या कार्यालयाची पायरी चढतो काय, एवढाच. २०२३ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली, उपजीविकेसाठी व्यवसाय करणाऱ्या नोंदणीकृत आयुष चिकित्सकांस जैविक संसाधनांच्या वापराबाबत पूर्वसूचना देण्याच्या अटीतून सूट मिळाली. सूट मिळाली याचा आनंद आपण मानला. सवलतीबरोबर येणारे कर्तव्य कायद्याने लिहिले नसेल, पण शास्त्राने लिहिले आहे.

म्हणून संघटनेपुढे पुढील सूचना ठेवाव्याशा वाटतात.

पहिली सूचना. प्रत्येक तालुका शाखेने आपल्या क्षेत्रातील एक तरी ई-क्लास माळ निवडून तेथील औषधींची ऋतुवार नोंद करावी आणि ती ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत समाविष्ट करवून घ्यावी. नोंदवहीत ‘तरवड: आहे’ एवढेच नको, गट क्रमांक, क्षेत्र, सोबतच्या वनस्पती, फुलोऱ्याचा व शेंगांचा काळ हेही असावे. पुढे कोणी ती जमीन ‘मोकळी’ म्हणून मागितली तर त्या पानावर बोट ठेवता येईल.

दुसरी सूचना. वृक्षलागवडीच्या बैठकींत वैद्यांनी जाऊन आग्रह धरावा की गवताळ व झुडपी बरडावर खड्डे खणू नयेत. झाडे लावण्यास आपला विरोध नाही. निंब, वड, पिंपळ, करंज यांना गावठाण, शाळा, तलावाचा काठ व रस्ते अशा जागा पुष्कळ आहेत. माळाला हवे असेल तर चराईपासून काही वर्षे विसावा द्यावा व वेडी बाभूळ, घाणेरी काढावी. बाकीचे माळ स्वतः करतो.

तिसरी सूचना. आयुर्वेद महाविद्यालयांनी द्रव्यगुणाच्या विद्यार्थ्यांस उद्यानातील पाट्या वाचण्यापुरते थांबवू नये. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातील नागार्जुन वनौषधी उद्यानासारखी उद्याने ओळख पटविण्यास व बियाणे राखण्यास उपयोगी आहेतच. परंतु बाग ही भूमीची जागा घेऊ शकत नाही, हे चरकाचार्यांनीच सांगून ठेवले आहे. शरद ऋतूत एक दिवस तरी विद्यार्थी बरडावर गेला पाहिजे.

चौथी सूचना. संग्रहाचा नियम आपण स्वतःला घालून घ्यावा. माळावरच्या तरवडाची साल व मूळ काढू नये; फुले घ्यावीत, तीही सर्व झुबके न खुडता, भुंग्यासाठी व बीजासाठी निम्मी तरी सोडून. साल लागणारच असेल तर ती धुऱ्यावर मुद्दाम लावलेल्या झुडपांची छाटलेल्या फांद्यांवरून घ्यावी. तरवडाचे बी टणक असते. कोमट पाण्यात भिजवून पेरल्यास उगवण सुधारते. ज्या शेतकऱ्याकडून आपण फुले घेऊ त्याला रास्त मोल द्यावे. धुऱ्यावरच्या तरवडाचे चार पैसे मिळाले तर तो धुरा कोरण्याआधी विचार करील. ज्याच्या पोटाचा प्रश्न आहे त्याला नुसता उपदेश करणे वैद्याला शोभत नाही.

पाचवी सूचना. महामार्गांच्या दुभाजकांत व कडेला तरवड लावावा, असा ठराव संघटनेने करून संबंधित यंत्रणांकडे पाठवावा. ही झाडे औषधासाठी नकोत, कारण तेथे धूर व शिसे. पण बीज पसरण्यास व लोकांच्या डोळ्यांत हे फूल भरण्यास त्यांचा उपयोग होईल.

फुलाला मान मिळाला की भूमीलाही मिळतो, याचे उदाहरण शेजारीच आहे. तेलंगणाने ‘तंगेडु’ म्हणजे तरवडाच्या फुलाला राज्यपुष्प केले. तेथील बतुकम्मा उत्सवात फुलांची रास रचतात, तीत तंगेडूला मानाचे स्थान असते. आपल्याकडेही महाराष्ट्राच्या काही भागांत नवरात्रात घटावर तरवडाच्या फुलांची माळ चढते. मेळ पाहावा तो असा: देवीला वाहण्याइतके जे फूल पवित्र, ते ज्या जमिनीवर येते ती जमीन मात्र ओसाड!

आपल्या राज्यात गडचिरोलीतील आलापल्लीच्या जुन्या सागवनाला २०१४ साली जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. उंच झाडांचे वैभव डोळ्यांत भरते, म्हणून त्याला मान मिळणे सोपे. गुडघाभर गवत व पुरुषभर झुडुपे यांचे वैभव कोणी तरी समजावून सांगावे लागते. गावकऱ्याला त्याची चराई कळते, वनस्पतिशास्त्रज्ञाला जाती कळतात; पण हीच भूमी औषधीची प्रशस्त भूमी आहे, हे शास्त्राधाराने सांगू शकणारा वैद्यच. तो गप्प राहिला तर दुसरा कोणी ते सांगणार नाही.

वैद्यबंधुभगिनींनो, येत्या शरदात आपल्या गावाचा ई-क्लास माळ एकदा पाहून यावा, आणि परत येताना ग्रामपंचायतीत नोंदवही मागून तिच्यात तरवडाचे नाव आहे किंवा नाही, हे तपासावे. नसेल तर ते त्याच दिवशी लिहवून घ्यावे.